पटावरचा रूपसिंह

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यालगत गोरखीचा जुना राजवाडा आहे. तेथील देवघरात शिंदे घराण्याची दसऱ्याची पूजा होते, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे छावणी केली, म्हणून सभोवतालच्या वस्तीस लष्कर हेच नाव पडले. लष्करात माणसाची ओळख पटावरून होते: नाव, हुद्दा, पगार. आम्ही ज्या पटाच्या मागे लागलो होतो त्यात मात्र हुद्दा नाही, आणि पगाराचा तर उल्लेखही नाही.

तो पट १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला गेलेल्या हिंदी हॉकी संघाचा. नावे पंधरा. कर्णधार लाल शाह बुखारी. गोलरक्षकांत रिचर्ड ॲलन, जो नागपुरात जन्मला. पुढे टॅप्सेल, हॅमंड, पिनिगर, गुरमितसिंग, आणि आघाडीच्या फळीत ध्यानचंद व रूपसिंह. हे दोघे सख्खे भाऊ होते, हे नावांवरून कोणास कळावे? वडील समेश्वरसिंह फौजेतले. थोरल्याचे मूळ नाव ध्यानसिंह. त्यास 'चंद' पुढे चिकटले आणि एका घरची दोन मुले यादीत परकी झाली. केवळ नावांवर विसंबून याद्या जुळविणारांनी एवढे ध्यानी ठेवावे.

थोरल्याच्या कीर्तीने धाकट्यास झाकून टाकले. आकडे पाहिले तर हा न्याय नव्हे. हिंदी संघाने जपानवर ११-१ आणि ११ ऑगस्टला अमेरिकेवर २४-१ असा जय मिळविला. अमेरिकेविरुद्धच्या चोवीस गोलांपैकी रूपसिंहाचे दहा, ध्यानचंदाचे आठ. दोन्ही सामने मिळून धाकट्याचे तेरा, थोरल्याचे बारा. अंगावर घालण्याजोगे कपडे नाहीत म्हणून रूपसिंह परदेशी जाण्यास कां कूं करीत होता, तेव्हा ध्यानचंदाने स्वखर्चाने ते शिवून दिले, असे सांगतात.

ही कपड्यांची गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. पैसे घेऊन खेळणारास ऑलिंपिकचे दार त्या काळी बंद होते. मग खेळाडूचे पोट कोण भरीत असे? पलटण, रेल्वे आणि संस्थाने! भोपाळ व माणावदर येथे चांगल्या खेळाडूंस आश्रय मिळे. रूपसिंह ग्वाल्हेरच्या फौजेत आला, कॅप्टन झाला, आणि पुढे जन्मभर ग्वाल्हेरकर म्हणूनच राहिला. कागदावर हौशी, आणि पोटासाठी संस्थानचा नोकर! ह्यात लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. दुसरा मार्गच नव्हता. परंतु संघाची यादी वाचावयाची तर शेजारी पगारपत्रकही उघडावे लागते.

१९३६ च्या बर्लिन संघात रूपसिंह पुन्हा होता. त्या यादीत खडकीचे बाबू निमल आहेत, आणि कराचीहून आलेले गोमंतकीय वंशाचे पीटर पॉल फर्नांडिस आहेत. कोकणी वाचकांनी हे नाव विसरू नये. सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून ४-१ असा पराभव होताच अली दारा ह्यांस विमानाने बोलावून घेतले गेले, आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीस ८-१ असे हरविले. बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, हेच दारा पाकिस्तानच्या संघाचे कर्णधार होते. गॅलिबर्डी इंग्लंडात गेले. एका यादीतील माणसे तीन देशांच्या कागदपत्रांत विखुरली, आणि आता त्यांचा माग काढणारास तिन्हीकडे पाहावे लागते.

रूपसिंह १६ डिसेंबर १९७७ रोजी ग्वाल्हेरात वारला. त्याच्या नावाच्या क्रीडांगणावर पूर्वी हॉकी चाले, मग क्रिकेट आले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकराने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोनशे धावा केल्या त्या तेथेच. त्या दिवसाच्या धावफलकावर मैदानाचे नाव म्हणून रूपसिंहाचे नाव आहे. हा रूपसिंह क्रिकेट कोणत्या संघाकडून खेळला, असे विचारणारे तरुण आम्हांस भेटले आहेत.