सत्तासंघर्ष आणि सूड : चिनी पोशाखी मालिका

१. चिनी पोशाखी मालिकांत सूड अनेकदा वारसाहक्काच्या लढाईतून घेतला जातो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे हाय यान यांच्या कादंबरीवर आधारित, खोंग शंग व ली श्वे दिग्दर्शित ‘लांग या बांग’ ही ५४ भागांची मालिका (२०१५). तिच्यातील ल्यांग राज्य काल्पनिक असले, तरी दक्षिण चीनमधील ल्यांग राजवटीची (इ. स. ५०२–५५७) छाया त्यावर आहे.

राजद्रोहाच्या खोट्या आरोपावरून मेईलिंग येथे ७०,००० सैनिकांची कत्तल होते. थोरल्या राजपुत्राला विषाचा प्याला घ्यावा लागतो. बचावलेला तरुण सेनानी लिन शू एका तपानंतर नवा चेहरा आणि ‘मेई छांगसू’ हे नाव घेऊन राजधानीत परततो. युवराज व राजपुत्र यू यांना आपसांत झुंजवत तो उपेक्षित राजपुत्र चिंगला सिंहासनाजवळ नेतो. ओसाड बागेतील विहिरीत सापडलेले मृतदेह, महसूल खात्याच्या आश्रयाने चालणारा फटाक्यांचा चोरटा कारखाना अशी प्रकरणे चव्हाट्यावर येतात आणि युवराजाचे एकेक पाठीराखे गळतात. अखेर सम्राटाच्या वाढदिवशी, भर समारंभात, राजकन्या लीयांग कटात सामील असलेल्या आपल्या पतीचा कबुलीजबाब वाचून दाखवते. उपस्थित मंडळी एकामागून एक पुढे येऊन फेरचौकशीची मागणी उचलून धरतात. मृतांच्या नावावरील कलंक अधिकृत निवाड्याने पुसला जाणे, हीच या मालिकेतील सुडाची पूर्ती होय.