बारा व्होल्टची आगगाडी

आमच्या अनसिंगला रेल्वे नाही. गाडी बघायची तर वाशीमला जायचं, आणि माझ्या लहानपणी तीही मीटर गेजची. (ब्रॉड गेज झाली 2008 साली.) त्यामुळे घरातली खेळण्यातली गाडी हेच आपलं वैभव! सेलचा डबा रुळांना जोडायचा, की गाडी सुरू. सेल संपले की गाडी यार्डात.

एकदा काकांनी शक्कल लढवली. घरातल्या विजेला एक डायोड आणि सिरीजमध्ये बल्ब, आणि तिथून वायर थेट रुळांना. बटण दाबणार तेवढ्यात आजी ओरडली, "पोट्टं रुयाले हात लावन ना बाप्पा!"

काका थांबले. पुढच्या आठवड्यात एलिमिनेटर आला.

पुढे वाचताना कळलं, की काकांची शक्कल नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत विजेवरच्या खेळण्यातल्या गाड्या अशाच चालायच्या, घरच्या विजेवर, मध्ये बल्ब लावून. गोची अशी, की बल्ब व्होल्टेज कमी करतो ते गाडी करंट खेचत असेल तरच. गाडी उचलली की रुळांवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज, आणि शेजारी पोराचा हात! 1920 च्या दशकात ट्रान्सफॉर्मरवरच्या 20 व्होल्टच्या गाड्या आल्या. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत तारेचा संबंधच नसतो, वीज पलीकडे जाते ती चुंबकाच्या वाटेने.

त्याच दशकात, 3 फेब्रुवारी 1925 ला, मुंबईत व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. 1500 व्होल्ट डीसी. वेग वाढवायची युक्ती मात्र खेळण्यातलीच: आधी मोटारीच्या वाटेत रेझिस्टन्स, मग एकेक काढत जायचा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 साली सुरू झालं. जरूर बघा. या आकाराच्या मॉडेल गाड्या सहसा 12 व्होल्ट डीसीवर धावतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटे केले की गाडी उलटी. डिजिटल पद्धतीत रुळांवर वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनाला त्याच्या नंबरावर हुकूम जातो. (आपलं नेटवर्कच की!)

पण 12 व्होल्ट म्हणजे निर्धास्त, असं नाही. डबा घसरून दोन रूळ जोडले गेले तर शॉर्ट होतो, आणि दोन-चार अँपियरमध्येही वायर वितळते. म्हणून कटआउट हवाच.

हे सगळं मी इंजिनिअरिंगला शिकलो. आजीला ते न शिकताच कळलं होतं. सर्किट काढताना काकांनी पोराचा हात धरला नव्हता, तिने धरला.