दूरनियंत्रित छतपंखा

दूरनियंत्रित छतपंखा म्हणजे भिंतीवरील रेग्युलेटरऐवजी हातातील रिमोटने चालू-बंद करता येणारा व वेग बदलता येणारा, छताला टांगलेला विजेचा पंखा होय. असे पंखे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात साध्या पंख्याला रिमोटचा संच नंतर जोडतात. दुसऱ्या प्रकारात पंख्यातच बीएलडीसी (ब्रशविरहित एकदिश प्रवाह) मोटर व नियंत्रक मंडल बसवलेले असते.

पार्श्वभूमी

चंद्रपूर शहराचे मे महिन्यातील कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो. मात्र पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग होत नसल्याने पंखाच मुख्य आधार ठरतो. चंद्रपूर येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तरीही चंद्रपूरमधून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात विजेच्या वाहिन्या मोठ्या अंतरापर्यंत जंगलातून जातात आणि वादळात झाडे-फांद्या कोसळून वीजपुरवठा खंडित होतो. त्यामुळे या भागात पंख्याचा वीजवापर किती व वीज परत आल्यावर तो कसा वागतो, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

रचना व कार्य

साधा पंखा पूर्ण वेगावर साधारणतः ७० ते ८० वॅट वीज घेतो. बीएलडीसी पंख्याला सुमारे २८ ते ३५ वॅट पुरतात. दहा तासांत ७५ वॅटचा पंखा ०.७५ युनिट, तर ३० वॅटचा पंखा ०.३ युनिट वीज वापरतो. त्यामुळे इन्व्हर्टरच्या त्याच बॅटरीवर दुसरा पंखा बराच अधिक काळ चालतो. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खात असल्याने हा लाभ प्रत्यक्षात अडीच पटींपेक्षा कमी असतो.

बीएलडीसी मोटरचा वेग आतील मंडल ठरवते, म्हणून तिला बाहेरच्या रेग्युलेटरची गरज नसते. भारतात असे पंखे २०१० नंतरच्या दशकात प्रचारात आले. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन बंधनकारक झाले.

रिमोट अवरक्त किंवा रेडिओ लहरींवर चालतो. अवरक्त किरण भिंतीतून जात नाहीत. त्यासाठी रिमोट पंख्याच्या दिशेने धरावा लागतो. रेडिओ लहरी भिंत ओलांडतात, म्हणून प्रत्येक पंख्याची त्याच्या रिमोटशी स्वतंत्र जोडणी आवश्यक असते.

जोडणी

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तारेत वीज नसल्याची खात्री टेस्टरने करतात. केवळ पंख्याचे बटन बंद करणे पुरेसे नसते. जुन्या घरांत ते बटन कधी कधी फेजऐवजी न्यूट्रल तारेवर बसवलेले आढळते. त्यानंतर बोर्डातील रेग्युलेटर काढून फेजची तार बटनातून थेट पंख्याकडे नेतात. रेग्युलेटर तसाच ठेवल्यास कोणीतरी तो चुकून फिरवण्याचा संभव असतो व त्यामुळे नियंत्रक मंडल बिघडू शकते. भिंतीवरील बटन मात्र कायम ठेवतात. दुरुस्तीच्या वेळी वीज तोडण्याचे ते साधन असते.

साध्या पंख्याच्या संचातील ग्राहक दांडीच्या वरच्या टोकाच्या वाटीत किंवा बोर्डात बसवतात. त्यावरील खुणांनुसार येणारी फेज व न्यूट्रल एका बाजूला आणि पंख्याकडे जाणाऱ्या तारा दुसऱ्या बाजूला जोडतात. अर्थिंगची तार पंख्याच्या धातूच्या भागाला जोडलेली असावी. हे काम परवानाधारक वीजतंत्र्याकडून करून घेणे सुरक्षित असते.

रिमोटची ओळख करून देणे

रेडिओ लहरींच्या अनेक पंख्यांत बटन बंद करून पुन्हा चालू केल्यावर पहिली काही सेकंद पंखा नवा रिमोट स्वीकारण्याच्या स्थितीत असतो. त्या वेळात रिमोटवरील ठरावीक बटन दाबून धरल्यास आवाज किंवा दिवा जोडणी झाल्याचे दर्शवतो. कोणते बटन किती वेळ दाबायचे, हे उत्पादकानुसार बदलते.

या वेळी घरातील इतर पंख्यांची बटने बंद ठेवतात. खंडित वीज परत येते तेव्हा सर्व पंखे एकाच वेळी याच स्थितीत येतात व एकाच रिमोटला दोन पंखे जोडले जाण्याची शक्यता असते. अवरक्त प्रकारात अशी ओळख बहुधा लागत नाही. परिणामी एकाच खोलीत एकाच बनावटीचे दोन पंखे असल्यास ते एकाच रिमोटने एकदम चालतात.

मर्यादा

वीज परत आल्यावर काही पंखे पूर्वीच्याच वेगाने फिरू लागतात, तर काही संच रिमोट दाबेपर्यंत बंद राहतात. लहान मूल, रुग्ण किंवा वृद्ध एकटे झोपत असलेल्या खोलीसाठी पहिला प्रकार सोयीचा असतो. रिमोट हरवल्यास किंवा त्याचा सेल संपल्यास वेग बदलता येत नाही. काही पंख्यांत भिंतीवरील बटन चालू-बंद करून तो बदलण्याची सोय असते. नियंत्रक मंडल कमी-अधिक होणाऱ्या दाबाने किंवा विजेच्या कडकडाटात बिघडू शकते. साध्या पंख्याचा कंडेन्सर गावातील दुकानात बदलून मिळतो, तर मंडल बहुधा उत्पादकाकडूनच मागवावे लागते. दुर्गम तालुक्यांत खरेदीपूर्वी हमीचा कालावधी व जवळचे सेवा केंद्र यांची चौकशी करणे म्हणूनच आवश्यक ठरते.