पन्नास रोग्यांचा हिशेब

वैद्यकांतील एखाद्या शोधाची हकीकत सांगतांना आपण बहुधा शोधकाच्या धाडसाचें वर्णन करतों आणि तेथेंच थांबतों. धाडस डोळ्यांत भरतें, म्हणून त्याच्या कथा होतात. सचोटी मात्र जुन्या वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांत आंकड्यांच्या रूपानें पडून राहते. हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनींत फुगा फुगवून ती रुंद करण्याची युक्ति आज आपल्या घराघरांत परिचयाची आहे. ‘अँजिओप्लास्टी’ हा शब्द उच्चारतांना आतां कोणी अडखळत नाहीं. परंतु ती प्रथम साधणाऱ्या आंद्रेआस ग्रुंत्सिगचें नांव फार थोड्यांस ठाऊक असेल, आणि त्यानें आपल्या शोधाला स्वतःच घालून दिलेली मर्यादा तर त्याहूनही थोड्यांस. त्या मर्यादेची आठवण करून द्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवितें, पण त्याचें स्वतःचें पोषण ज्या धमन्यांवर चालतें त्यांची जाडी अवघी तीन-चार मिलिमीटर असते. त्यांच्या आंतल्या अंगास मेदाचा थर सांचला म्हणजे चालतांना छाती भरून येते, आणि वाट एकाएकीं बंद पडली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. या धमन्यांपर्यंत पोंचण्याचा मार्ग एकट्या ग्रुंत्सिगनें शोधिला नाहीं. १९२९ सालीं जर्मनींत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनें स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून नळी थेट हृदयापर्यंत घातली. १९५८ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलँड येथें मेसन सोन्सच्या हातून क्ष-किरणांत दिसणारा द्रव अनपेक्षितपणें हृदयाच्या धमनींतच शिरला; त्या अपघातांतून या धमन्यांचें चित्र घेण्याची विद्या जन्मास आली. १९६४ सालीं पोर्टलंड येथें चार्ल्स डॉटरनें पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका ८२ वर्षांच्या वृद्धेच्या पायांतील धमनी, एकाहून एक जाड नळ्या घालून, मोकळी केली.

ग्रुंत्सिगचा जन्म १९३९ सालीं ड्रेस्डेन येथें झाला. हायडेलबर्ग येथें वैद्यक शिकून तो १९६९ सालीं स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक येथें आला. डॉटरच्या रीतींतील उणीव त्याच्या ध्यानांत आली. धमनी जितकी रुंद करावयाची तितकीच जाड नळी शरीरांत घालावी लागे. त्याला हवी होती बारीक जाणारी आणि योग्य जागीं पोंचल्यावरच फुगणारी नळी. पण साधा रबरी फुगा येथें निरुपयोगी, कारण जेथें अडथळा असेल तेथें तो दबतो आणि दोन्ही बाजूंस भलताच फुगतो. ठरलेल्या मापापर्यंतच फुगावा आणि पुढें ताठ राहावा, असा फुगा पाहिजे होता. अखेर पॉलिव्हिनिल क्लोराइड या पदार्थाचा तसा फुगा त्याला साधला. हें काम दिवसाची नोकरी संपवून घरच्या स्वयंपाकघरांतील टेबलावर चाले. मदतीस पत्नी, एक सहायिका आणि तिचा पति. १९७४ सालीं ही नळी प्रथम पायाच्या धमनींत वापरण्यांत आली. पुढें कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग झाले. १९७६ सालीं त्यानें ते मायामी येथील हृद्रोगतज्ज्ञांच्या परिषदेंत मांडले, तेव्हां अनेकांनीं शंकेनेंच माना हालविल्या.

१६ सप्टेंबर १९७७ रोजीं झ्यूरिकमध्यें ३८ वर्षांच्या एका रोग्यावर हा उपचार प्रथम झाला. रोगी जागा होता. प्रसंग पडल्यास छाती उघडावयास शल्यवैद्य सज्ज होते. शस्त्रक्रिया-विभागाचा प्रमुख ऑके सेनिंग यानें या कामास पाठबळ दिलें होतें. हें युक्तिवाद्य काम यशस्वी झालें तर आपल्याच विभागाकडे येणारे रोगी कमी होतील, हें ज्यास दिसत असावें त्यानें दिलेलें हें पाठबळ सामान्य नव्हे. फुगा फुगला, धमनी मोकळी झाली आणि रोग्याच्या छातींतील वेदना गेली. त्या वेळीं त्याच रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर असलेल्या बर्नहार्ड मायर यानें २००१ सालीं या रोग्याची २३ वर्षांनंतरची हकीकत प्रसिद्ध केली. तेव्हांही ती धमनी मोकळीच होती.

येथवर धाडसाची गोष्ट झाली. सचोटीची गोष्ट १९७९ सालच्या जुलैमध्यें ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें आली. ग्रुंत्सिगनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पहिल्या ५० रोग्यांचा हिशेब त्यांत दिला. यश आलें ३२ जणांत. त्यांच्या धमनींतील अडथळा सरासरी शेंकडा ८४ वरून ३४ वर आला. पांच जणांस तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. तिघांच्या हृदयाच्या स्नायूस इजा झाल्याचें विद्युत्-आलेखांत दिसलें. यांतील एकही आंकडा झांकलेला नाहीं. आणि शेवटीं तो लिहितो तें अधिक महत्त्वाचें: शस्त्रक्रियेस योग्य अशा रोग्यांपैकीं शेंकडा दहा ते पंधरांसच ही रीत उपयोगी पडेल, आणि औषधें व शस्त्रक्रिया यांच्याशीं तिची रीतसर तुलना झाल्यावांचून तिची खरी किंमत कळणार नाहीं. आपल्या अपत्याची परीक्षा घ्या, असें सांगणारा बाप विरळा.

शिकवितांनाही त्यानें हाच बाणा ठेविला. १९७८ पासून तो इतर डॉक्टरांस बोलावी आणि चालू असलेला उपचार पडद्यावर दाखवी. जें फसेल तेंही पाहुण्यांस दिसे. १९८० सालीं तो अमेरिकेंत अटलांटा येथील एमरी विद्यापीठांत गेला. १९८५ सालच्या ऑक्टोबरमध्यें, स्वतःचें विमान चालवीत असतां, झालेल्या अपघातांत पत्नीसह त्याचा अंत झाला. वय अवघें ४६ वर्षांचें. डॉटर आणि सोन्स हेही त्याच वर्षीं निवर्तले, हा योग विलक्षण खरा.

मागें उरलेली अडचण अशी होती कीं, रुंद केलेली धमनी पुष्कळ रोग्यांत कांहीं महिन्यांतच पुन्हां अरुंद होई. तिला आधार देणारी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, १९८६ सालीं फ्रान्स व स्वित्झर्लंड येथें प्रथम बसविण्यांत आली. पुढें तीवर औषधाचा लेपही आला. उपचार सुलभ झाला, तसा तो सरसकट होऊं लागला.

ग्रुंत्सिगनें मागितलेली परीक्षा पुढें अनेकदां झाली. तिच्यांतील एक मोठी परीक्षा २००७ सालीं प्रसिद्ध झाली. अमेरिका व कॅनडा येथील २,२८७ स्थिर रोग्यांत असें दिसलें कीं, उत्तम औषधोपचारास फुग्याची व जाळीची जोड दिल्यानें वेदना कमी होते, परंतु मृत्यु वा झटका टळत नाहीं. याचा अर्थ ही विद्या व्यर्थ आहे असा मुळींच नव्हे. झटका येऊन धमनी बंद पडली असतां तीच ताबडतोब उघडणें प्राण वांचवितें, हें आतां निर्विवाद आहे. म्हणजे प्रश्न उपचार चांगला कीं वाईट हा नसून, तो कोणाला व केव्हां हा आहे.

हा प्रश्न एखाद्या दिवशीं आपल्यापैकीं कोणाच्याही घरीं येईल. छायाचित्रांतील धमनीचा आंकसलेला भाग दाखवून डॉक्टर निर्णय मागतील, आणि घाबरलेल्या मुलांस ‘लवकर उरका’ यापलीकडे कांहीं सुचणार नाहीं. झटका आला असेल तर घाईच योग्य होय. पण रोगी स्थिर असेल तर दोन प्रश्न शांतपणें विचारावे: यानें आयुष्य वाढेल कीं केवळ वेदना कमी होईल? आणि औषधांनीं काय साधेल? हे प्रश्न विचारणें म्हणजे वैद्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. ज्यानें ही विद्या जगास दिली, त्यानेंच ते पन्नास रोग्यांच्या हिशेबाखालीं प्रथम लिहून ठेविले आहेत.