गुणकाची कुळकथा

मोटार अपघाताचा क्लेम टाकायला जखमी माणूस वकिलाकडे गेला, की वकील आधी दोन गोष्टी विचारतो : वय काय आणि महिन्याला कमावत किती होता. मग वर्षाची कमाई काढायची आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने ती गुणायची. अठ्ठाविसाव्या वर्षी हा आकडा 17, बावन्नाव्या वर्षी 11, पासष्टी ओलांडली की 5. त्याला गुणक म्हणतात. आज तो कोष्टकात बघून सांगता येतो. तिथवर यायला दोनशे वर्षे लागली.

1808 साली इंग्लंडमध्ये एका खटल्याचा निकाल लागला. घोडागाडी उलटून एका माणसाची बायको जखमी झाली आणि महिन्याभराने वारली. नवऱ्याला भरपाई मिळाली, ती बायको जिवंत होती तेवढ्याच महिन्याची. मृत्यूबद्दल दिवाणी दावा लागत नाही, असे न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितले. म्हणजे जखमी केले तर पैसे मोजायचे, जीव घेतला तर सुटका! रेल्वे आली, अपघात वाढले, तेव्हा कुठे 1846 मध्ये तिथल्या संसदेने मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला. हिंदुस्थानात तसाच कायदा 1855 मध्ये झाला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

हक्क मिळाला, पण रक्कम काढायची कशी? वाट दाखवली जमिनीच्या व्यवहाराने. इंग्लंडमध्ये जमिनीची किंमत इतक्या वर्षांचा खंड म्हणून सांगायची जुनी रीत होती. दक्षिण वेल्समधल्या एका कोळसा कंपनीवर खाणीत मेलेल्या कामगारांच्या विधवांनी दावा केला होता. त्यात 1942 साली लॉर्ड राइट यांनी हीच रीत माणसाच्या कमाईला लावली. घरी वर्षाला किती येत होते ते काढा आणि ठरावीक वर्षांनी गुणा.

तिशीच्या आतल्या माणसाची तीस वर्षांची नोकरी उरलेली असते, मग 17 नेच का गुणायचे, असे पक्षकार हटकून विचारतो. पैसे एकरकमी हातात येतात, त्यांवर व्याज मिळते. व्याज आणि थोडी मुद्दल मिळून दर वर्षी बुडालेली कमाई भरून निघावी आणि शेवटी मुद्दल संपावी, असा हा हिशेब आहे. आयुष्याची अनिश्चितताही त्यातच धरलेली असते.

आपल्याकडे मात्र बरीच वर्षे एकाच वयाला निरनिराळी न्यायालये निरनिराळा गुणक लावत. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात हीच पद्धत वापरा असे ठासून सांगितले. पुढच्याच वर्षी मोटार वाहन कायद्याला तयार कोष्टक जोडले गेले, पण त्यात गुणाकारच चुकलेले होते! कमाल गुणक 18 असावा, हे 1996 मध्ये ठरले. शेवटी 2009 च्या सरला वर्मा निकालाने वयोगटांचे सरळ कोष्टक दिले आणि आज तेच चालते. दोन विधवांना केवळ दोन न्यायाधीश भेटले म्हणून वेगळी रक्कम मिळू नये, एवढी साधी गोष्ट त्याने साधली. मला ती फार मोठी वाटते.

जखमीच्या दाव्यात खरी लढाई मात्र गुणकाआधी होते, अपंगत्वाच्या टक्क्यांवर. 2010 च्या राजकुमार निकालात ती नीट उलगडली आहे. डावा हात तुटला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळीच कमाई जाऊ शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकली तर त्याची कमाई तेवढी घटत नाही. डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का मात्र दोघांचा एकच. समजा सुतार अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि महिन्याला 15,000 कमावत होता. वर्षाचे 1,80,000, गुणिले 17, म्हणजे 30,60,000. दाखल्यावरचे 60 टक्केच धरले तर 18,36,000. पुढे उत्पन्न वाढले असते त्याची भर, औषधपाणी, वेदनांची भरपाई, हे सगळे निराळे. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चाचा वाटा कापतात, जखमीच्या दाव्यात नाही. तो जिवंत आहे, त्याला जेवायचे आहे.

सुताराच्या या दोन रकमांमधला बारा लाखांहून अधिकचा फरक कोष्टक ठरवत नाही. त्यासाठी वकिलाला डॉक्टरांना साक्षीला बोलवावे लागते आणि विचारावे लागते : या माणसाला रंधा धरता येईल का? करवत ओढता येईल का? नुसता दाखला जोडून तारीख घेणारा वकील आणि हे दोन प्रश्न विचारणारा वकील, यांच्या पक्षकारांना मिळणारी रक्कम सारखी नसते.