घरच्या संघाची कार्डे

बेसबॉल कार्ड म्हणजे तळहातावर मावणारा जाड कागदाचा तुकडा. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र आणि संघाचे नाव, मागच्या बाजूला जाहिरात किंवा खेळाडूची कामगिरी. अमेरिकेत अशी कार्डे जमवण्याच्या छंदाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. बेसबॉलपाठोपाठ अंडाकृती चेंडूने खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलची कार्डेही आली. या दीडशे वर्षांपैकी बहुतेक काळ ही कार्डे मुख्य विक्रीची वस्तू नव्हती. सिगारेट, टॉफी, बबलगम, बिस्किटे, सॉसेज अशा कशाच्या तरी सोबत ती घरात येत. त्यांना मोल आले ते जमवणाऱ्यामुळे, आणि जमवणारा बहुधा आपल्या शहराच्या संघापासून सुरुवात करी.

बेसबॉल हा खेळ मुळातच शहराशी जोडलेला आहे. १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडू ठेवणारा पहिला संघ मैदानात उतरला आणि तो हंगाम त्याने एकही सामना न हरता पूर्ण केला. न्यूयॉर्कमधील पेक अँड स्नायडर या क्रीडासाहित्याच्या दुकानाने त्याच सुमारास या संघाचे छायाचित्र असलेले जाहिरातीचे कार्ड काढले. मागे दुकानाचा पत्ता आणि मालाची माहिती होती. बेसबॉलच्या अगदी आरंभीच्या कार्डांत त्याची गणना होते. त्यावर एकटा खेळाडू नव्हता, एका शहराचा सगळा संघ होता.

पुढचे पाऊल तंबाखूच्या धंद्याने टाकले. सिगारेटची पाकिटे त्या काळी मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालणे सोयीचे होते, आणि त्या तुकड्यावर चित्र छापले की गिऱ्हाईक तीच सिगारेट पुन्हा मागे. व्हर्जिनियातील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये विविध खेळांतील विजेत्यांचा ५० कार्डांचा संच काढला. त्यात बेसबॉलपटू दहा होते. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटसोबत १८८७ ते १८९० या काळात ५०० हून अधिक खेळाडूंची छायाचित्रे दिली. छायाचित्रे स्टुडिओत घेतली जात. कॅमेऱ्याला वेगवान हालचाल टिपता येत नसल्याने चेंडू दोऱ्याने टांगून ठेवत आणि खेळाडू तो झेलत असल्याचा आविर्भाव करी. या मालिकेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात मोठ्या शहरांबरोबर ओमाहा, सेंट पॉल, मिल्वॉकी अशा दुय्यम स्पर्धांतील संघांचेही खेळाडू होते. दूरच्या गावातल्या माणसाला आपल्या ओळखीचा चेहरा छापील स्वरूपात प्रथमच मिळत होता. फुटबॉलची पहिली कार्डेही तंबाखूसोबतच आली. १८९४ मध्ये मेयो कंपनीने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या खेळाडूंचा ३५ कार्डांचा संच काढला, कारण तेव्हा फुटबॉल हा मुख्यतः महाविद्यालयांचा खेळ होता.

१८९० मध्ये प्रमुख सिगारेट कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत एकवटल्या. स्पर्धा संपली, तशी कार्डांची गरजही ओसरली. १९०९ ते १९११ या काळात कार्डे पुन्हा जोमाने आली आणि त्यातूनच आज टी-२०६ या नावाने ओळखली जाणारी सुमारे ५२४ कार्डांची मालिका निघाली. तिच्यात ४८ कार्डे केवळ दक्षिणेकडील दुय्यम संघांच्या खेळाडूंची आहेत. सर्वांत गाजले ते पिट्सबर्गच्या होनस वॅगनरचे कार्ड. पिट्सबर्गजवळच जन्मलेला आणि १९०० पासून तेथेच खेळणारा वॅगनर हा त्या शहराचा खराखुरा घरचा खेळाडू होता. त्याने आपले चित्र छापायला हरकत घेतली आणि कार्डाची छपाई लवकर थांबली. मुलांनी कार्डासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पसंत नव्हते, असे कारण बहुधा दिले जाते. मोबदला मिळाला नाही म्हणून, असेही सांगतात. या कार्डाच्या जेमतेम ५०-६० प्रती ठाऊक आहेत. २०२२ मध्ये एक प्रत ७२.५ लाख डॉलरना विकली गेली.

१९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन टोबॅकोचे विभाजन केले. कार्डे तंबाखूकडून खाऊकडे वळली आणि ती जमवणारा मुख्यतः शाळकरी मुलगा झाला. क्रॅकर जॅक या गोड लाह्यांच्या खोक्यांत १९१४ मध्ये १४४ आणि १९१५ मध्ये १७६ कार्डांचे संच आले. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सर्वोच्च स्पर्धेतील एकही संघ नव्हता. तिथल्या लोकांचे प्रेम पॅसिफिक कोस्ट लीगवर होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मिठाई कंपनीने ‘झीनट’ या खाऊसोबत १९११ ते १९३८ पर्यंत या लीगच्या खेळाडूंची कार्डे दिली. कार्डाच्या तळाशी कूपन असे. ते फाडून दिले की बक्षीस मिळे, म्हणून कूपनासह राहिलेली कार्डे आज दुर्मीळ आहेत. पुढे न्यूयॉर्क यांकीजचा महान खेळाडू ठरलेला जो डिमॅजिओ कार्डावर आधी दिसला तो सॅन फ्रान्सिस्को सील्सच्या गणवेशात.

१९३३ मध्ये बॉस्टनच्या गौडी गम कंपनीने २४० कार्डांची मालिका काढली आणि बबलगम व बेसबॉल यांची जोडी जमली. त्या मालिकेत क्रमांक १०६ चे कार्ड छापलेच नव्हते. ते मिळेल या आशेने मुले गम विकत घेत राहिली. तक्रारीची पत्रे पाठवणाऱ्यांना कंपनीने पुढच्या वर्षी नॅप लाजोय या जुन्या खेळाडूचे कार्ड धाडले. संच पुरा करण्याची ओढ विक्रीला किती उपयोगी पडते, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले. १९३५ मध्ये नॅशनल चिकल कंपनीने व्यावसायिक फुटबॉलपटूंचा ३६ कार्डांचा संच आणला. दुसऱ्या महायुद्धात कागद आणि गमचा कच्चा माल दोन्ही टंचाईत सापडले आणि कार्डे जवळपास बंद पडली.

याच काळात छंदाला शिस्त लावणारा माणूस पुढे आला. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूसच्या जेफरसन बर्डिकने सर्व प्रकारच्या छापील कार्डांची वर्गवारी करून सूची प्रसिद्ध केली. टी-२०६ हे नाव त्याच सूचीतले; त्यातला ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे. संधिवाताने बोटे आखडलेली असतानाही त्याने आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि स्वतः तिथे बसून तो अल्बममध्ये लावला. हे काम संपल्यावर थोड्याच आठवड्यांत, १९६३ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या संग्रहात ३० हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे आहेत.

युद्धानंतर बोमन आणि टॉप्स या दोन गम कंपन्यांत चुरस लागली. ब्रुकलिनच्या टॉप्समधील साय बर्गर याने वूडी गेलमनच्या मदतीने १९५२ ची ४०७ कार्डांची मालिका घडवली. पुढे रंगीत चित्र, खेळाडूची सही आणि संघाचे बोधचिन्ह, मागे गेल्या हंगामाचे व एकूण कारकिर्दीचे आकडे, ही मांडणी पुढच्या सगळ्या कार्डांचा पाया ठरली. मालिकेतील शेवटची कार्डे हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि फारशी खपली नाहीत. उरलेली खोकी १९६० मध्ये पडावातून नेऊन अटलांटिक महासागरात टाकण्यात आली. त्यांतच यांकीजच्या मिकी मँटलच्या ३११ क्रमांकाच्या कार्डाचे गठ्ठे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कार्डाची एक उत्तम प्रत १.२६ कोटी डॉलरना विकली गेली. टॉप्सने १९५६ मध्ये बोमन कंपनी विकत घेतली आणि पुढची जवळपास पंचवीस वर्षे बेसबॉल कार्डांच्या बाजारावर तिचीच सत्ता राहिली.

मात्र घरच्या संघाची खरी कार्डे याच काळात गमच्या बाहेर निघाली. राष्ट्रीय मालिकेत प्रत्येक संघाचे खेळाडू विखुरलेले असत. पाकीट उघडल्यावर कोण निघेल ते दैवावर. स्थानिक कारखानदारांना ही उणीव दिसली. बॉस्टन ब्रेव्हज संघ १९५३ मध्ये मिल्वॉकीला गेला, तेव्हा तिथल्या जॉन्स्टन बिस्किट कंपनीने त्याच वर्षी २५ कार्डांचा संच काढला. पुढच्या वर्षीच्या संचात पहिलाच हंगाम खेळणारा हँक ॲरन होता. सेंट लुईसचा ब्राउन्स संघ १९५४ मध्ये बाल्टिमोरला येऊन ओरिओल्स झाला आणि एस्के या मांसविक्रेत्या कंपनीने लगेच त्याची कार्डे सॉसेजसोबत दिली. डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला, तर बेल ब्रँड या बटाटा वेफर्सच्या कंपनीने त्या संघाची कार्डे पिशव्यांत घातली. संघ नव्या शहरात आला की वर्षभरात त्याची कार्डे तिथल्या किराणा दुकानात पोचत. नवख्या संघाला शहर आपले म्हणू लागले आहे, याची ही खूण होती.

डेट्रॉइटमध्ये ग्लेंडेल, सेंट लुईसमध्ये हंटर, सिनसिनाटीत कान या मांसकंपन्यांनीही हेच केले. कानची कार्डे १९५५ पासून १९६९ पर्यंत निघाली आणि तिने क्लीव्हलँड ब्राउन्स व पिट्सबर्ग स्टीलर्स या फुटबॉल संघांचीही कार्डे दिली. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या छोट्या शहराचा पॅकर्स संघ भागधारक नागरिकांच्या मालकीचा आहे. त्याच्या ३६ खेळाडूंची कार्डे १९६१ मध्ये लेक टू लेक या डेअरीने काढली. ही सारी कार्डे थोड्या भागात आणि थोड्या संख्येने वाटली गेली. काहींवर सॉसेजच्या तेलाचे डाग पडत, काही पाकिटावरच छापलेली असल्याने कात्रीने कापावी लागत. त्यामुळे स्वच्छ प्रती फार कमी उरल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काही शहरांत पोलीस शिपाई मुलांना स्थानिक संघाची कार्डे फुकट देऊ लागले. मागे खेळातली एखादी सूचना आणि तिच्या जोडीला सुरक्षिततेचा सल्ला छापलेला असे.

कार्डांच्या या नोंदवहीत सगळ्यांना जागा मिळाली नाही. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मुख्य स्पर्धांबाहेर ठेवले गेले, आणि त्यांच्या निग्रो लीगमधील संघांसाठी कोणत्याही मोठ्या कंपनीने कार्डे काढली नाहीत. पिट्सबर्ग परिसरातील होमस्टेड ग्रेज हा त्या काळातील बलाढ्य संघ. त्याच्या चाहत्यांना दुकानात आपल्या खेळाडूंची कार्डे मिळत नव्हती. ऑस्कर चार्ल्सटन, जॉश गिब्सन यांच्यासारख्यांची जुनी कार्डे सापडतात ती क्यूबा आणि पोर्तो रिकोमधली, कारण हिवाळ्यात ते तिथे खेळत. हे कार्डांच्या इतिहासातले सर्वांत मोठे वैगुण्य आहे.

खेळाडूंना कार्डांतून मिळणारा वाटाही दीर्घकाळ नगण्य होता. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी टॉप्सला कार्डांसाठी छायाचित्रे काढू न देण्याचे आवाहन खेळाडूंना केले आणि १९६८ मध्ये नवा करार झाला. वार्षिक मानधन १२५ वरून २५० डॉलर झाले, शिवाय विक्रीतला हिस्सा मिळू लागला. फ्लीअर कंपनीने टॉप्सच्या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९८० चा निकाल तिच्या बाजूने लागला आणि १९८१ मध्ये फ्लीअर व डॉनरस यांची कार्डे बाजारात आली. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण टॉप्सचा हक्क गमसोबतच्या कार्डांपुरता धरला गेला. नव्या कंपन्यांनी मग गमऐवजी स्टिकर आणि चित्रकोड्याचे तुकडे घातले. कार्ड स्वतःच मुख्य माल झाले.

१९७९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जेम्स बेकेट यांच्या सहभागाने कार्डांच्या किमतींचे मार्गदर्शक पुस्तक निघाले, १९८४ मध्ये त्यांचे मासिक सुरू झाले. प्रत्येक कार्डाला छापील भाव मिळाला आणि मुलांबरोबर मोठी माणसेही गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी घेऊ लागली. १९८९ मध्ये अपर डेकने चकचकीत कागद आणि होलोग्राम आणले. मागणी पाहून कंपन्यांनी छपाई अफाट वाढवली. सगळेच कार्डे जपून ठेवत असल्याने दुर्मीळ काहीच राहिले नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची लढत रद्द झाली आणि घसरू लागलेला बाजार आणखी खाली गेला. त्या काळातली बहुतेक कार्डे आजही कवडीमोल आहेत.

त्यानंतर कार्डांची प्रतवारी करून ती प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवणाऱ्या कंपन्यांचा प्रभाव वाढला. २०२० च्या महासाथीत घरी बसलेल्या लोकांनी जुनी खोकी उघडली आणि किमती पुन्हा उसळल्या. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्स कंपनीने टॉप्सचा कार्डांचा व्यवसाय सुमारे ५० कोटी डॉलरना घेतला.

या इतिहासातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. नफ्यासाठी साठवलेली कार्डे बव्हंशी निरुपयोगी ठरली. आज ज्यांना मान आहे ती कार्डे पोरांनी खेळवलेली, बदललेली, हरवलेली आणि म्हणूनच थोडी उरलेली आहेत. लिलावातले भाव मँटल आणि वॅगनरची कीर्ती सांगतात. मिल्वॉकीच्या बिस्किटांच्या आणि बाल्टिमोरच्या सॉसेजच्या पाकिटांतली कार्डे मात्र एका शहराने आपला संघ कसा स्वीकारला ते सांगतात. मोठ्या संग्रहालयांनी राष्ट्रीय मालिका जपल्या आहेत. ही स्थानिक कार्डे जपण्याची जबाबदारी त्या त्या शहरांच्या ग्रंथालयांनी आणि इतिहास मंडळांनी घ्यायला हवी.