अफानासी निकितीन याचें बेदर

बहमनी राज्याच्या उत्तरकालासंबंधीं लिहूं जाणारास फेरिस्ता आणि 'बुऱ्हाने मआसिर'चा कर्ता सय्यद अली तबातबा यांच्यावांचून गत्यंतर नसतें. हे दोघेहि महमूद गवानाच्या वधानंतर (इ. स. १४८१) शंभर वर्षांहून अधिक काळानें लिहावयास बसले, आणि दोघेहि दरबारचें अन्न खाणारे होते. गवानाचीं स्वतःचीं पत्रें 'रियाझुल् इन्शा'मध्यें आहेत, तीं समकालीन खरीं. पण वजिराच्या पत्रांत शहरचा रस्ता दिसत नाहीं. तो दाखविणारा साक्षीदार म्हणजे रशियांतील त्व्हेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन. त्याच्या टिपणाचें इंग्रजी भाषांतर हक्लूट सोसायटीनें १८५७ सालींच छापलें. चौल-रेवदंड्याच्या संबंधांत त्याचें नांव आपल्याकडे घेतलें जातें. परंतु औसा, उदगीर, कंधार, माहूर हीं ठाणीं ज्या बेदरच्या हुकमतीखालीं नांदलीं, त्या बेदराविषयीं तो काय सांगतो याकडे मराठवाड्याच्या इतिहासाभ्यासकांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं.

निकितीन घरून निघाला तेव्हां एकटा नव्हता. व्होल्गा नदीनें उतरतांना आस्त्राखानाजवळ तार्तरांनीं त्याची मंडळी लुटली. मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथहि गेले. सोबती पांगले. कोणी शामाखीस राहिले, कोणी कामधंद्यासाठीं बाकूस गेले. हा मात्र इराण उतरून होर्मुझास आला, आणि एक घोडा बरोबर घेऊन चौलास लागला. उघड्या डोक्याचीं, अंगावर तोकडें वस्त्र असलेलीं माणसें पाहून त्यास नवल वाटलें, आणि त्याचा गोरा वर्ण पाहून तीं माणसें त्याच्या मागोमाग चालूं लागलीं. हें दुसरें नवल त्यानें पहिल्याइतक्याच मोकळेपणानें नोंदलें आहे. परदेशांतून आलेल्या फार थोड्या प्रवाशांस आपणहि कोणाच्या दृष्टीनें तमाशा आहों याची जाणीव असते.

त्याच्या हिंदुस्थानांतील वास्तव्याचा काळ पूर्वीं १४६९ ते १४७२ असा धरीत. सेम्योनोव्ह प्रभृति पुढील अभ्यासक तो १४७१ ते १४७४ असा धरतात. आम्हांस दुसरा पक्ष ग्राह्य वाटतो. समुद्रावर लूटमार करणाऱ्यांचीं दोन शहरें मलिकुत्तुज्जारानें, म्हणजे गवानानें, घेतल्याचें निकितीन सांगतो. आणि गोवें गवानाच्या हातीं आलें तें १४७२ च्या आरंभीं.

जुन्नरास पावसाळा काढीत असतां तेथील अधिकारी असदखान यानें त्याचा घोडा हिरावला. मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार मोहरा. न झालास तर घोडा गेला आणि तुजकडून हजार मोहरा दंड, असा पेंच त्यानें घातला आणि चार दिवसांची मुदत दिली. खोजा महंमद नांवाच्या एका खोरासान्यानें मध्यस्थी केली म्हणून घोडा परत मिळाला व धर्महि राहिला. येथें निकितीन आपल्या देशबांधवांस उद्देशून म्हणतो कीं, ज्यास हिंदुस्थानांत जावयाचें असेल त्यानें आपली श्रद्धा घरीं ठेवून निघावें. घोड्यास हरभरा व खिचडी चारतात हें टिपणाराच हा मनुष्य. तेव्हां या उद्गारांतील कडवटपणा अलंकारिक समजूं नये.

जुन्नराहून तो १५ ऑगस्टच्या सणास निघाला व महिन्यानें बेदरास पोंचला. वाटेवरील गांवांचीं नांवें त्यानें दिलीं नाहींत. दिवसाकाठीं तीन-चार गांवें लागतात इतकेंच म्हटलें आहे. मात्र अंतर दिलें आहे: चाळीस 'कोव', आणि एका कोवांत दहा वेर्स्त. वेर्स्त म्हणजे किलोमीटराहून किंचित् अधिक. ('कोव' या शब्दामागें आमचा 'गाऊ' असावा; दहा वेर्स्तांचा कोस होत नाहीं.) बेदर ते गुलबर्गा हें अंतर तो नऊ कोव, म्हणजे सुमारें ९६ किलोमीटर देतो, आणि नकाशावर सरळ रेषेनें तें जवळजवळ तितकेंच भरतें. तेव्हां त्याच्या आंकड्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. चाळीस कोव म्हणजे सुमारें सव्वाचारशें किलोमीटर. जुन्नर-बेदर सरळ रेषा चारशेंच्या किंचित् वर भरते. म्हणजे त्याची वाट फारशी वळलेली नव्हती. ही रेषा औसा व निलंगा यांच्या अगदीं लगत जाते. कंधार आणि नांदेड उत्तरेस दूर राहतात. उदगिरावरून तो गेला असेल काय? भाद्रपदाच्या दिवसांत तें संभवत नाहीं. लातुराकडून उदगीरमार्गें बेदरास जाणारास मांजरा दोनदां उतरावी लागते. औसा-निलंग्याकडून तेरणा एकदां उतरली कीं मांजरा डाव्या हातास ठेवून चालतां येतें. घोडा विकून भांडवल उभें करावयाचें असलेला मनुष्य पुराच्या पाण्यांत तो दोनदां घालणार नाहीं. म्हणून निकितीनाची वाट आजच्या लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून गेली असें आम्ही मानतों.

बेदरांत त्यानें प्रथम दोन गोष्टी पाहिल्या: सरदारांचें ऐश्वर्य आणि कुणब्याची हलाखी. चांदीच्या पालख्या, पुढें सोन्याच्या सामानाचे वीस घोडे, मागें तीनशें स्वार व पांचशें पायदळ, कर्णे, नगारे. आणि त्याच वाक्यप्रवाहांत खेड्यांतील लोकांचें नागवेंपण. सुलतानाच्या वाड्यास सात दरवाजे, दर दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदु कारकून. आंत कोण गेला, बाहेर कोण आला हें ते लिहून घेत. जुन्या दप्तरांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्यांनीं हा उल्लेख अवश्य ध्यानांत ठेवावा. परक्यास आंत सोडीत नसत. परक्यास त्यानें 'गरीब' हाच मूळ अर्थाचा शब्द वापरला आहे, जो आमच्या भाषेंत येऊन निर्धनाचा वाचक झाला. रात्रीं कोतवालाचे हजार लोक घोड्यांवर, मशाली घेऊन गस्त घालीत. गवानाचा मदरसा १४७२ सालीं पुरा झाला. आमचा कालनिर्णय बरोबर असेल तर तो त्याच्या डोळ्यांपुढें झळकत असला पाहिजे. त्याचा उल्लेख नाहीं. आळंदच्या उरसांत वीस हजार घोडे विक्रीस येतात हें मात्र आहे, आणि ज्या घरावर रात्रीं बसून ओरडतो त्या घरीं माणूस मरतो अशा पक्ष्याचाहि उल्लेख आहे.

या शहरांत तो खोजा युसुफ खोरासानी या नांवानें वावरत होता. नाताळच्या सुमारास घोडा विकला गेला. त्यानंतर त्यानें ओळखीच्या हिंदूंस खरें सांगितलें: आपण मुसलमान नव्हे, ख्रिस्ती, नांव अफानासी. तेव्हांपासून त्या लोकांनीं त्याच्यापासून जेवण, व्यापार, पूजा, घरच्या स्त्रिया यांपैकीं कांहींच लपविलें नाहीं. चौऱ्यायशीं पंथ, परस्परांत अन्नोदक नाहीं, बेटीव्यवहार नाहीं. कोणी मांसमासळी खातो, गोमांस कोणी नाहीं. ही सर्व माहिती त्यानंतरची आहे. शिवरात्रीस ते त्यास श्रीशैलाच्या यात्रेस घेऊन गेले, आणि तेथील नंदी त्यानें पाहिला. फेरिस्त्यास हें घर कधीं उघडलें नव्हतें.

ग्रंथ गेल्यामुळें आपला उपवास कधीं, ईस्टर कधीं, बुधवार कोणता हें निकितीनास कळेना. बेदरांत त्यानें कृत्तिका व मृग पहाटेच्या उजेडांत शिरतांना पाहिले, सप्तर्षींचें तोंड पूर्वेस असलेलें पाहिलें, आणि अदमासानें सण धरला. परतीच्या प्रवासांत स्मोलेन्स्काच्या अलीकडे तो वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनीं १४७५ सालीं मॉस्कोच्या महाराजांचा चिटणीस मामिरेव्ह याजकडे पोंचविल्या; त्यांची एक नक्कल त्रोइत्स्क मठाच्या संग्रहांत करमझिन या इतिहासकारास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सांपडली. जेथें मनांतलें बोलावयाचें तेथें निकितीन रशियन सोडून तुर्की, फारसी, अरबी यांच्या बाजारी मिश्रणांत शिरतो, आणि टिपणाचा शेवट अशाच एका प्रार्थनेनें होतो. तींत ईश्वराचीं अरबी नांवें आहेत. अर्थ न कळलेली ओळ नकलनवीस सहसा सुधारीत नाहीं, हें मोडी बाडें चाळणारास ठाऊक आहे. मठांतील साधूंनीं तीं नांवें रशियन अक्षरांत जशींच्या तशीं उतरून ठेविलीं आहेत.